दर्या दिसत नाही असं घर

आमच्या बार्शीकडे बांध घालतात तो पाणी राहावं म्हणून. आलेलं पाणी निघून जाऊ नये, एवढीच आमची त्याच्याकडे मागणी. त्यामुळे पाणी येऊ नये म्हणून हात जोडणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला चक्क हसू आलं होतं. १९९८ साली माझी बदली सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे ओरोसला झाली, तेव्हाची ही गोष्ट. सरकारी कचेरी, मागे कर्मचाऱ्यांची वसाहत, वसाहतीत माझ्या नावावर अर्धी खोली, आणि उरलेल्या अर्ध्या खोलीत आधीच ऐसपैस पसरलेली सुलोचना. सुलू मालवण आणि देवगड यांच्या मधल्या एका वाडीतली. घरी होडी, जाळी, माशांचा व्यवसाय. वाडीचं नाव मी लिहीत नाही, कारण लिहू नको असं तिने बजावलं आहे, आणि सुलूने बजावलेलं मोडण्याची माझी आजही छाती नाही.

ओरोसच्या त्या तीन-चार वर्षांत मी सुट्टी पडली की तिच्याबरोबर वाडीवर जायची. मग बदली झाली, सोलापूर, संसार, आईचं आजारपण. वाडी मागे पडली, पण डोक्यातून गेली नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा घरघरायला लागला की मला त्या घराच्या पडवीतली लाटांची गाज आठवायची आणि जीव कासावीस व्हायचा. शेवटी २००९च्या दसऱ्याला रजा टाकली. "परत तिथेच? काय ठेवलंय एवढं?" असं घरातून विचारणं झालं. समुद्र ठेवलाय, असं सांगून मी पिशवी भरली.

ओरोस, धामापूर

सुलू अजून त्याच कचेरीत आहे. मी पोचले तेव्हा ती साहेबांसमोर उभी राहून "मी दोन दिवस रजेवर जात आहे" असं पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलत होती. कचेरीची पायरी उतरल्यावर म्हणाली, "चल गो बेगीन, गाडी चुकात." माणूस एका पायरीत किती बदलतो ते पाहायचं तर सरकारी कचेरीच्या दारात उभं राहावं.

कुडाळहून मालवणला जाणारी गाडी धामापूरवरून जाते. मला तळं पाहायचं होतं म्हणून मी हट्टाने सुलूला मधेच उतरवलं. ती वैतागली. जुन्या लोकांनी दोन डोंगरांच्या मधे बांध घालून अडवलेलं हे पाणी, वर दाट रान, आणि भगवतीच्या देवळापासून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. आमच्याकडे तळं म्हणजे काठाला बाभळी आणि तळाशी गाळ. इथे रान पाण्यापर्यंत आलेलं, आणि पाणी असं की पायरीवरचं शेवाळ मोजून घ्यावं. देवळात फुलं वाहणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "वयलो डोंगर कोणी तोडूक नाय, म्हणान तळा आसा." मी मान डोलावली. सुलू पुढच्या गाडीची वेळ विचारत होती.

पुळण

पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू. सुलूच्या घरापुढची पुळण मला आठवत होती ती अशी : घराच्या अंगणापलीकडे माडांची रांग, तिच्यापलीकडे केवड्याची दाट, काटेरी, अंगावर येणारी झाडी, आणि तिच्यापलीकडे माणसापेक्षा उंच वाळूचा उंचवटा. उंचवट्यावर मर्यादवेल अंथरलेली. जांभळी फुलं, आणि पान थेट आपट्यासारखं दोन पाकळ्यांचं. पहिल्या दसऱ्याला मी सुलूच्या वहिनीला म्हटलं होतं, "तुमच्याकडे सोनं जमिनीवरच उगवतं की!" ती म्हणाली होती, "हात लावू नको हां. ता सोना दर्याचा."

त्या घरातून दर्या दिसत नसे. नुसता ऐकू येई. मला पहिल्यांदा याचा राग आला होता. समुद्रकाठचं घर, आणि समुद्र बघायला चालत जायचं! पण दोन-तीन मुक्कामांत सवय झाली आणि मग आवडायलाच लागलं. पडवीत बसून पेज प्यायची, आणि आडोशापलीकडे तो आपला काहीतरी बडबडत असायचा, शेजारच्या खोलीतल्या माणसासारखा.

या वेळी पडवीत पाय ठेवला आणि समोर अख्खा दर्या. निळा, उन्हात चमकणारा, क्षितिजापर्यंत मोकळा. केवडा नाही, उंचवटा नाही. माडांतले दोन आडवे पडलेले. मी हरखून म्हटलं, "अगं बाई, केवढं सुंदर दिसतंय!"

सुलूचा थोरला भाऊ, ज्याला सगळी वाडी दादा म्हणते, तो जाळ्याची फाटकी जागा विणत बसला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, हसला आणि पुन्हा विणायला लागला. वहिनीने चहा आणला. मी घोट घेतला. चहा खारट. वाटलं, घाईत साखरेच्या डब्याऐवजी मिठाच्या डब्यात हात गेला असेल. पाहुणी म्हणून मुकाट्याने पीत राहिले, पण चेहरा लपला नाही.

"मीठ घालूक नाय गो," वहिनी म्हणाली. "बावच खारी झाली."

बाव म्हणजे विहीर. मागच्या अंगणातली ही विहीर मी भर मे महिन्यात गोड प्यायलेली. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी शहाळ्यासारखं, याचं मला तेव्हा फार नवल वाटायचं. सुलूने आता समजावलं. तो वाळूचा उंचवटा पावसाळाभर पाऊस पोटात घ्यायचा आणि ते गोड पाणी जमिनीखालून खाऱ्याला मागे रेटून धरायचं. दादाचा चुलतभाऊ प्रकाश शेजारीच राहतो. त्याने पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या आणि दर्या दिसावा म्हणून आपल्यापुढचा केवडा तोडला, वाळू सपाट केली. त्या भगदाडातून दर पावसाळ्यात दर्या थोडा थोडा आत आला आणि दोन्ही बाजूंची वाळू खात गेला. दादाचा उंचवटाही त्यातच गेला. त्यात आता पाऊस पडतो तो एकदम कोसळतो आणि उधाणं पूर्वीपेक्षा वर चढतात. वाडीतल्या रापणकरांनाही ती मोकळी जागा सोयीची झाली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. त्याची होडी ओंडक्यांवरून ढकलत ते तिथूनच न्यायला लागले, मग तिथे गवतही उगवेना.

"चार घरां ह्या बावीचा पाणी पितत," वहिनी म्हणाली. "बाव गेली काय घर गेला. मगे काय, सुलूच्या कोटरात येवन ऱ्हवाचा?"

कोटर म्हणजे ओरोसचं क्वार्टर. ती हसून म्हणाली, पण मला काही हसू आलं नाही. मघाशी "सुंदर दिसतंय" म्हणाले ते आठवून तोंड लपवावंसं वाटलं. मी सोलापूरहून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढून विषय बदलला. भाकरीचा तुकडा मोडताना ओल्या चामड्यासारखा वाकला. आमच्याकडे पंधरा दिवस कुडकुडीत राहणारी भाकरी, या हवेने तिची एका प्रवासात रया घालवली.

संध्याकाळी प्रकाश आला. तिशीचा, हसतमुख, खिशात मोबाईल. मला त्याचा राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. "ताई, लोक दर्या बगूक येतत," तो म्हणाला. "केवडो बगूक कोण येता? आणि धूप थांबवूची आसात तर भिंत घालूक व्हयी. बाजूच्या वाडयेत घातली तशी, काळ्या दगडांची. मगे दर्या पण दिसतलो आणि घर पण ऱ्हवातला."

"बाजूच्या वाडयेत भिंत आसा," दादा म्हणाला, "पण पुळण खंय आसा? लाट भिंतीर आपटता आणि खालची वाळू घेवन जाता. तेंच्यो होडयो आता आपल्या पुळणीर येतत. भिंतीक दर्या मारता रे. वाळयेत तो आपसूक जिरता."

"मगे वाळू आणा खंयसून?"

"वेल लाव. वाळू ती आणता."

हे भांडण बरेच दिवस चाललेलं दिसत होतं, कारण दोघेही पुढचं वाक्य आधीच ओळखत होते. दादाने पावसाच्या सुरुवातीला वेल लावून पाहिली होती. रापणकरांना घरोघर जाऊन सांगितलं होतं की होडी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडाकडून फिरवून न्या, लांब पडलं तरी चालेल. सगळे "व्हय दादानू, व्हय" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी वेलीवरूनच होडी ढकलली. वाडीत दादाला नाही म्हणायची पद्धत नाही. आणि त्याचं ऐकायचीही नाही, असं सुलू म्हणाली.

कुणकेश्वर

दुसऱ्या दिवशी वेलीचे तुकडे आणि केवड्याचे फुटवे आणायला आम्ही तिघी, वहिनी, सुलू आणि मी, कुणकेश्वरच्या बाजूला गेलो. तिकडे एका ठिकाणी पुळण अजून पूर्वीसारखी आहे. वहिनी कोयता चालवत होती, सुलू पोत्यात भरत होती, आणि मी मदत करण्याच्या नादात पदर केवड्यात अडकवून बसले. सोडवायला गेले तर दुसरी बाजू अडकली. आमच्या बाभळीचा काटा एकाच दिशेने टोचतो, त्याची समजूत घालता येते. केवड्याच्या पात्याला जाताना एक काटा आणि येताना दुसरा. साडी टरटरा फाटली. वहिनी पोट धरून हसली आणि नुकसानभरपाई म्हणून तिने एक पिवळंधमक कणीस तोडून त्याचं पातं माझ्या अंबाड्यात खोचलं. तो वास आला आणि मी थेट ओरोसच्या खोलीत गेले. सुलू तेव्हा कपड्यांच्या पेटीत केवड्याचं पातं ठेवायची. माझ्या साड्यांना बदलीनंतरही वर्षभर तो वास होता, आणि तो गेला त्या दिवशी मी रडले होते.

इथवर आलोच आहोत तर देवाला जाऊ म्हणून मंदिरात शिरले, तशी दारातली एक म्हातारी म्हणाली, "गो बाय, डोक्यातला केवड्याचा पान भायर काढून ठेव. म्हादेवाक चलना नाय."

मला हे ठाऊक होतं. सोलापूरला सिद्धेश्वराच्या गावात राहून ठाऊक नसेल कसं? पण वासाच्या नादात भान राहिलं नव्हतं. ओशाळून पातं बाहेर दगडावर ठेवलं, दर्शन घेतलं. देवळाच्या पायथ्याशी लाटा येत होत्या. परतताना पातं उचलत मी म्हटलं, "बिचाऱ्याचा काय गुन्हा, एवढा वास असून देव घेत नाही."

"घेणा नाय म्हणान बरा," वहिनी म्हणाली. "देवान घेतल्यान असता तर लोकांनी एक शिल्लक ठेवला नसता. देवान सोडल्यान म्हणान तो दर्यार ऱ्हवलो."

दुपारी झाडाखाली आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. नवरात्र असल्यामुळे मासे नव्हते. मी बांगड्याच्या तिखल्याची आस धरून एवढ्या लांब आलेली, तिला देवीने वाटाण्यावर बसवलं. पण ते सांबार असं काही जमलं होतं की तक्रार घशातच राहिली. संध्याकाळी पोती घेऊन परत आलो आणि दिवस बुडेपर्यंत सगळ्यांनी मिळून लावणी केली. दादा प्रत्येक तुकडा वाळूत दाबताना त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता. प्रकाश पडवीतून पाहत होता. "उद्या रापण," तो म्हणाला. "होडी खंयसून नेतले ता ठावक आसा मा?"

दादाने पुढचा तुकडा वाळूत दाबला.

राखणदार

दसऱ्याला या वाडीत हंगामातली पहिली रापण पडते. त्याआधी पुळणीच्या टोकाला असलेल्या राखणदाराच्या घुमटीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. ज्यांनी गाऱ्हाणं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्या आवाजात मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. आमच्याकडे देवाशी जो तो आपापलं कानात बोलल्यासारखं बोलतो. इथे सगळा मामला उघड्यावर. वाडीचं गाऱ्हाणं दादा घालतो, त्याच्या आधी त्याचे वडील घालायचे. दुसऱ्या कोणाला ते येत नाही.

सगळी वाडी जमली होती. होडी तयार, दोरखंडांची वेटोळी तयार, लोकांचे डोळे दर्याकडे, कारण माशांचा थवा दिसल्याची बातमी होती. प्रकाश नारळ हातात घेऊन पुढेच उभा होता. मी सुलूच्या शेजारी.

"बा राखणदारा म्हाराजा!" दादाचा आवाज एरवीपेक्षा खोल लागला. "आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे एक झाली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"वरसाची पयली रापण दर्यात घालतत, तेंका यश दी..."

"व्हय म्हाराजा!"

"गेल्ली होडी सुखरूप काठार आण..."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची वाकडी नजर पडली आसात ती दूर कर..."

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हणत होते. त्या लयीत न म्हणणं जमतच नाही, पाळण्याला झोका दिल्यावर तो परत यावा तसं ते तोंडातून येतं. प्रकाशचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"आणि म्हाराजा, तुझ्या उजव्या हाताक जी पुळण आसा, ती तुझी!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्यावयली वेल कोण उपटूचो नाय, केवडो कोण तोडूचो नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"होडी, दोरी, गाडी, कोण तिच्यावरसून नेवचो नाय, पाय घालूचो नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण नेयत, तेका तू बगून घी!"

इथे आवाज अडखळले. मागच्या चार-दोघांच्या ध्यानात आलं असावं. माझ्याही आलं आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पण पुढे उभ्या प्रकाशची नजर दर्यावर होती. त्याने एकट्याने खणखणीत म्हटलं, "व्हय म्हाराजा!" आणि नारळ फोडला.

प्रकाशने वळून सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि मग त्याला कळलं.

"दादानू, ह्या काय म्हटलात?"

"मी खंय म्हटलंय?" दादा म्हणाला. "मी म्हाराजापुढे मांडलंय. म्हटलात ता तुमी."

"असा फसवून..."

"फसवूक कित्याक? मोठ्यान सांगलंय. वरसभर सांगतंय."

"मगे दुसरो नारळ ठेवया आणि शबूद मागे घेवया," प्रकाश म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"ठेव," दादा शांतपणे म्हणाला. "नारळ माझ्या घराकडसून ने. गाऱ्हाणा मात्र तू घाल."

प्रकाशने घुमटीकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. जमलेल्यांत कोणी पुढे झालं नाही. एकजण म्हणाला, "चला रे, मासो जायत." आणि मग रापणकरांनी ओंडके उचलले, होडीला खांदे लावले, आणि सवयीने भगदाडाकडे वळलेली ती होडी क्षणभर थांबवून, शिव्या घालत, व्हाळाच्या तोंडाकडून लांबचा वळसा घालून नेली. वहिनी डोळे पुसत होती. मला विचारलंत तर दादाने आधीपासून ठरवलं होतं की शब्द आयत्या वेळी आले, हे मला आजही माहीत नाही. सुलूने विचारलं तर तो म्हणाला, "म्हाराजान बोलवल्यान." पण मिशीत हसत होता.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. नवरात्र सरलं होतं, त्यामुळे ताज्या बांगड्याचं तिखलं पोटात होतं आणि सोलकढीचा दुसरा पेला नको नको म्हणत घेतलेला. गाडीला उशीर झाला होता. प्रकाश म्हणाला, "ताई, मी सोडतंय," आणि माझी पिशवी खांद्यावर घेऊन निघाला. रस्त्याला लागायची जवळची वाट त्या सपाट वाळूवरून जाते. दोन दिवसांपूर्वी लावलेले तुकडे तिथे मलूल होऊन पडले होते, एवढ्याशा चिंध्यांसारखे. गाडीचा भोंगा वाजला.

प्रकाश वाळूच्या कडेला थांबला. एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा घुमटीकडे. "मेलो दादा," असं पुटपुटला आणि व्हाळाकडून वळसा घ्यायला लागला. मी मागोमाग. आम्ही पोचलो तेव्हा गाडीची धूळ खाली बसत होती. पुढची गाडी येईपर्यंत आम्ही एका दगडावर बसलो. तो रागाने बोलेना आणि मला आनंदाने काही सुचेना.

त्याला आता वर्ष झालं. पावसाळा गेल्यावर मी वाडीवर सुलूच्या घरी फोन केला तेव्हा योगायोगाने प्रकाशनेच उचलला. वेल धरली आहे म्हणाला, तिच्यापाशी गुडघ्याएवढी वाळू साठली आहे, केवड्याचे काही फुटवे गेले, काही जगले. "पाणी?" मी विचारलं. अजून खारटच आहे, पण वहिनी म्हणते की श्रावणात चहा जरा बरा लागला. मग तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, "पण ताई, माझा नुकसान झाला मा! पडवीत खुर्चेर बसल्यार आता दर्या बरो दिसणा नाय. उभ्या ऱ्हवाक लागता."

फोनमध्ये त्याच्या मागे गाज ऐकू येत होती. मी ती ऐकत राहिले. त्याला वाटलं फोन कट झाला, तो "ताई? ताई?" करत राहिला.

यंदाही दसऱ्याची रजा टाकली आहे. घरातून विचारणं झालंच, काय बघणार आहेस परत तिथे? काही बघणार नाही, म्हटलं. त्या खुर्चीत बसणार आहे.